'कोणाचं' हा रकाना

९ फेब्रुवारी

सतराचं काम आलं! चहा ओतला होता, तो तसाच निवला.

एर्निसच्या वर्गात मुलांना नावं नाहीत, नुसते आकडे. आम्हा तपासणाऱ्यांना पक्ष्यांची नावं. मी करकोचा. तो बिश्केकमध्ये बसून हा कोड शिकवायचा फुकटचा वर्ग चालवतो, मी इथे नारीनमध्ये शेगडीशी बसून तपासते. "ओळख निघाली की तपासणीत पाणी पडतं, आपा," असं त्याचं म्हणणं. बरोबर आहे. दुधात पडतं तसंच.

तर सतराने बनवलंय मतं द्यायचं ॲप. पहिल्या पायरीवरच्या सगळ्यांना हेच देतात. लॉगिन करायचं, आपल्याला आवडलेलं यादीत घालायचं — पुस्तक, सिनेमा, गुणगुण — 'कोणाचं' या रकान्यात करणाऱ्याचं नाव लिहायचं, मग बाकीच्यांनी मत द्यायचं. जास्त मतं ते वर. झालं! दिसायला एवढंसं, पण नवशिक्याची सगळी परीक्षा त्यातच होते.

काम नेटकं आहे. पण पहिल्या घाण्याचे बोर्सोक ते — वरून लाल, आत कच्चे! एकाच पुस्तकाला मी बटण दाबून दाबून मतं दिली. घेत गेलं बिचारं. मी एकटीने एक रटाळ पुस्तक सगळ्यांच्या डोक्यावर नेऊन बसवलं. निवडणुकीत करतात ते यापेक्षा निराळं काय!

गुणगुणींपुढे ऐकायचं बटणसुद्धा ठेवलंय. हौस दांडगी. पण माझं मशीन थंडीच्या तोंडापासून मुकं आहे. जाऊ दे. कोड वाचायला कान कशाला लागतात?

१० फेब्रुवारी

सूनबाईचा फोन. पेरिझात दर शनिवारी करते, न चुकता.

"आपा, बऱ्या आहात ना?"

"बरी आहे."

"कोळसा आहे?"

"आहे."

"उलारचा फोन आला होता. तिकडे बर्फ फार आहे म्हणाले."

"असणारच."

"बरं..."

"बरं. ठेव मग. ठेवते."

एवढंच. उलार रशियात ट्रक चालवतो. ती बिश्केकला शिवणाच्या कारखान्यात. लग्नानंतर थोडे दिवस माझ्याजवळ राहिली — डोक्याला रुमाल, मान खाली, सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवलेली. मग दोघंही गेली. आता बोलायचं काय तिच्याशी? माझा जन्म टेलिफोन एक्स्चेंजवर गेला. बोला — झालं? — तोडते! लाइन अडवायची नाही, मागे कोणीतरी ताटकळत असतं. आता मागे कुणीही ताटकळत नाही, पण जिभेला ते कोण सांगणार?

फोन ठेवला की घर आणखीच गप्प होतं. पातेलं पालथं घातल्यासारखं.

१३ फेब्रुवारी

सतराची तपासणी पाठवली.

आणखी एक सापडलं होतं. यादीतलं पुस्तक पुसून टाकलं तरी त्याला मिळालेली मतं मागे राहतात. मग मत देणाऱ्याचं पान उघडायला गेलं की कोसळतं. मत आहे, पण कशाला दिलं ते जागेवर नाही! आमच्या भाषेत मताला आणि आवाजाला शब्द एकच. तेच धरून लिहिलं — "माणूस गेला आणि आवाज उरला, असं होऊ देऊ नकोस. पुस्तक जाईल तेव्हा त्याचे आवाजही त्याच्याबरोबर जाऊ देत."

पाठवलं. मशीनमध्ये हे ठीक आहे.

एक्स्चेंज बंद पडलं तेव्हा साहेबांनी हे जुनं मशीन भंगारात काढलं होतं. मी घोंगडीत गुंडाळून घरी आणलं. उलारचे बाबा म्हणाले, "मेंढी आणली असतीस तर निदान लोकर निघाली असती." आणि मग रशियन पुस्तक उघडून माझ्याशेजारी बसायचे. एक ओळ कळायची नाही. पान मात्र तेच उलटायचे.

१५ फेब्रुवारी

वारा. दिवसभर. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

२२ फेब्रुवारी

गुरुवार. तेल तापवलं, बोर्सोक तळले. गेलेल्यांना वास पोचतो. पोचत असावा. निदान शेजारच्या झूराला तरी नक्की पोचतो — आलीच!

"कुणाशी बोलत होतीस गं? दारातून ऐकलं मी."

"सतराशी."

"सतरा जणांशी?"

"एकाशीच. आकडा आहे तो."

"बुरुल, अगं, या वयात बायका नातवंडं मोजतात आणि तू आकड्यांशी गप्पा मारतेस! लाव बाई एकदाचा निकाह त्या डबड्याशी. मी साक्षीला येते."

"ये की. डबडं निदान माझे बोर्सोक तरी संपवत नाही."

खूप हसलो. खाऊन झाल्यावर तिने ओंजळ पसरून दुआ मागितली — "उलारच्या बाबांना पोचो."

सगळे असंच म्हणतात. उलारचे बाबा. नाहीतर 'घरचे'. नाव घेऊ शकणारी वडीलधारी माणसं होती, ती एकेक करून गेली. लहानांनी आपणहून घ्यायचं नाही, सुनांनी तर मुळीच नाही. मी उभ्या जन्मात घेतलं नाही. ते असताना जाणवलं नव्हतं — हाकेला 'अहो' पुरायचं. आता वाटतं, माणूस गेला ते गेलाच, पण त्याचं नावही कोणी या घरातून उचलून नेलं.

झूरा गेल्यावर उरलेले बोर्सोक फडक्यात बांधून ठेवले. कुणासाठी, कोण जाणे.

२५ फेब्रुवारी

सतराचं उत्तर! सगळं दुरुस्त केलंय. दुसऱ्यांदा बटण दाबलं की येतं — 'तुमचं मत मिळालं आहे, आता इतरांना देऊ द्या.' चुणचुणीत आहे!

आणि मुलगी आहे. लिहिण्यातून कळलं. मला मात्र 'गुरुजी' म्हणते. करकोचा म्हणजे कोणी दाढीवाला म्हातारा वाटत असणार. वाटू दे.

"गुरुजी, उशीर झाला, माफ करा. दिवसभराच्या कामानंतर डोळे चुरचुरतात. मागच्या खेपेला मी नापास झाले होते, ही शेवटची संधी आहे. पास झाले तर एर्निससर एका ठिकाणी पगारी शिकाऊ म्हणून लावून देणार आहेत. मग हे काम सुटेल. घरी कुणाला सांगितलेलं नाही."

मी विचारलं, का गं नाही सांगितलंस?

"नवरा लांब आहे. त्याला आधीच काळज्या कमी नाहीत. सासूबाई आहेत, पण मी त्यांना आवडत नाही बहुतेक. फोनवर तारेसारखं बोलतात. शब्दागणिक पैसे पडतात जणू!"

अशी चीड आली मला त्या बाईची! पोर राबते, वर शिकते, आणि हिला दोन शब्द जड? घरोघरी मातीच्या चुली हे खरं, पण इतकी थंड चूल? तरी मोठेपणाने लिहिलं — "पोरी, सासू म्हणजे कुरुतची गोळी, वाळवलेल्या दह्याची. दगडासारखी लागते. चावायला जाऊ नकोस, दात पडतील. गालात धरून ठेव. मऊ होते हळूहळू."

तिने हसरा चेहरा पाठवला. दिवस बरा गेला.

२८ फेब्रुवारी

एर्निसने कान उपटले. माझे!

"करकोचाआपा, हे तुमच्या नजरेतून सुटलं? सतराने तिसऱ्या भागाचं नाव 'गुणगुण' ठेवलंय. पानावर, कोडमध्ये, सगळीकडे. लोकांना काय कळणार? साधा दोन अक्षरी शब्द आहे, शेंबडं पोरसुद्धा जाणतं!"

परत उघडून पाहिलं. खरंच की. वरपासून खालपर्यंत गुणगुण. इतके दिवस डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलंच नाही!

दिसणार कसं? माझ्या घरात शब्दच तो. यांच्या नावाची सुरुवात त्या दोन अक्षरांनी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला समोर बसवलं — "नाव तर नाहीच, पण नावातला शब्दही तुझ्या तोंडात नको. आजपासून तुझ्यापुरती ती गुणगुण." झालं. रेडिओवर गुणगुण, लग्नात गुणगुण. उलार शाळेत गेला तेव्हा बाईंनी मला बोलावून घेतलं होतं — तुमचा मुलगा त्या तासाला गुणगुणीचा तास का म्हणतो? तो शब्द मी बोलत नाही. इथेसुद्धा लिहीत नाही, आणि इथे तर माझ्याशिवाय कोणी येत नाही.

असेल आणखी एखाद्या घरात तसंच. त्या दोन अक्षरांनी सुरू होणारी नावं आमच्याकडे काय थोडी आहेत?

पण गुणगुणच? दुसरं काही नाही सुचलं त्यांना?

१ मार्च

विचारलं होतं. तिचं आलं.

"सासऱ्यांचं नाव त्या शब्दाने सुरू होतं, गुरुजी. मी घरात आले तेव्हा ते नव्हते. पण रुमाल बांधताना सासूबाई म्हणाल्या, तो शब्द आपण घेत नाही. त्यांनी मला दिलेलं तेवढं एकच माझ्याजवळ आहे, म्हणून मोडत नाही. आणखी एक अडचण आहे. यादीतली एक गुणगुण सासऱ्यांचीच आहे. नवऱ्याच्या जुन्या फोनमध्ये सापडली. 'कोणाचं' हा रकाना सक्तीचा आहे. मी भरू शकत नाही. रिकामा ठेवला तर पान कोसळतं. नवऱ्याला भरायला सांगावं तर सगळंच सांगावं लागेल. काय करू?"

रुमाल मीही बांधला होता. माझ्या सुनेला. तेव्हा म्हटलंही होतं काहीतरी. सगळ्याच सासवा म्हणतात!

चहा केला. दोन पेले ओतले. हे माझं हल्ली वरचेवर होतं.

२ मार्च

शनिवार. फोन वाजला तेव्हा हात पिठात नव्हता, तरी पुसला.

"आपा, बऱ्या आहात ना?"

"बरी आहे. तुझे डोळे कसे आहेत?"

"डोळे? बरे आहेत, आपा. का?"

"काही नाही. ठेवते."

शेळी कुठली! मलाच म्हणते.

४ मार्च

कोण असेल ते असो, प्रश्न खरा आहे आणि उत्तर दिलंच पाहिजे. मी तपासनीस आहे. सक्तीचा रकाना काढायचा नाही. ज्याने केलं त्याच्या नावावाचून वस्तू यादीत म्हणजे डाग न दिलेली मेंढी, कुणीही हाकून न्यावी. एर्निसही तो नियम सोडणार नाही. पण जिला नाव घेता येत नाही तिने करावं काय?

लिहिलं — "पूर्वीच्या सुना काय करायच्या? पाहुण्याने दारात नाव विचारलं की अंगणातल्या पोराला हाक मारायच्या — ए, सांग रे आजोबांचं नाव! पोर सांगायचं, सुनेचं तोंड वाचायचं. तुझ्या ॲपला ते पोर कर. घालणाऱ्याला रकाना मोकळा सोडता येऊ दे. पण तोवर ती नोंद बाजूला थांबेल, मतांना येणार नाही. ज्याला ठाऊक आहे असं कोणीही येऊन नाव भरेल, मग ती यादीत. आणि गुणगुण राहू दे. शेजारी कोमुझचं चित्र काढ. तीन तारा दिसल्या की न सांगता कळतं."

एर्निसला वेगळं कळवलं की शब्द चूक नाही. "मग काय आहे?" म्हणाला. म्हटलं, अदब.

१२ मार्च

केलं पोरीने! सुरेख केलंय. मी सुचवलं त्याहून बरं. नवं पान — 'नाव सांगणारं कोणी हवं.' त्यावर एकच नोंद. कोमुझचं चित्र, ऐकायचं बटण, आणि मोकळा रकाना.

नियम असा की नवी सोय एकदा शेवटपर्यंत चालवून बघायची. म्हणजे कोणीतरी नाव भरायचं, नोंद यादीत आली का पाहायचं. खोटं नाव टाकून चाललं असतं. अमका-तमका. मी नेहमी तेच करते.

हात धजला नाही.

१५ मार्च

झूराकडून तिच्या नातीचे कानात घालायचे मागून आणले.

"आता कशाला हवेत?"

"एक गुणगुण ऐकायचीय."

"तुझं आपलं काहीतरीच," म्हणाली, पण दिले.

आधी नुसता वारा. उन्हाळी कुरणावरचा — तंबूचा पडदा फडफडतो तसा. मग टोचा चामड्यातून ओढल्याचा आवाज. खोगिराचा पट्टा असणार, तो कायम तुटायचा. आणि मग गुणगुण. तोंड मिटून. शब्द नाहीतच. मध्येच सूर चढवायला जाणार आणि खोकणार, पुन्हा खालून सुरुवात. तिथेच खोकायचे, नेहमी.

मग एकदम थांबून — "अगं ए! दूध!"

आणि लांबून एक बाई ओरडली — "आले, आले!"

मीच.

किती मोठ्यांदा बोलत होते मी!

१६ मार्च

एर्निसला लिहिलं, सतरा माझी सून निघाली, मला या कामातून काढ. तुझाच नियम.

त्याने विचारलं — "आपा, तिला माहीत आहे?"

"नाही."

"सांगणार?"

मी मशीन बंद केलं. काम गरुडाकडे गेलं. गरुड कोण ते मला ठाऊक नाही, पण त्याच्या तपासण्या वाचल्यात — केसभरही सोडत नाही. प्रत्येक गोष्ट शेवटपर्यंत चालवतो. ती एकुलती नोंद तशीच थांबलेली दिसली तर 'अपूर्ण' लिहील आणि मोकळा होईल. शेवटची संधी, म्हणाली होती.

आज शनिवार. फोन वाजला. उचलला नाही. कोण म्हणून बोलू? करकोच्याशी ती कशी भरभरून बोलते! हसरे चेहरे पाठवते. माझ्यासाठी तिच्याजवळ काय आहे — कोळसा. मी तरी तिला दुसरं काय दिलं? एक शब्द, तोही न बोलण्याचा. आणि तेवढाच तिने जपून ठेवला.

पुन्हा वाजला. वाजून वाजून थांबला.

१८ मार्च

झूरा दार ठोठावत आली. "अगं, जिवंत आहेस ना? तुझ्या सुनेने मला फोन केला! आपा उचलत नाहीत म्हणून रडकुंडीला आली होती. काय सांगू तिला?"

"सांग, बरी आहे."

"तूच सांग की! तोंड शिवलंय का तुझं?"

शिवलंयच. माझ्याच हाताने.

२१ मार्च

नौरोझ. सकाळी आंघोळ करून, स्वच्छ रुमाल बांधून बसले. तपासनीस म्हणून नाही. कोणीही भरू शकतं, म्हणून तर ती सोय. एकेक अक्षर दाबलं.

कोणाचं: इरिसबेक.

छप्पर पडलं नाही. नोंद यादीत आली. पहिलं मत मी दिलं. पहिला आवाज. दुपारी गरुडाने 'पास' लिहिलं.

मग फोन लावला. मी.

"आपा? काय झालं? बऱ्या आहात ना?"

"इर," मी म्हटलं. "गाणं. तुझ्या सासऱ्यांचं. ऐकलं मी, सतरा."

"गुरुजी?" पलीकडून आलं.

"ठेवू नकोस," म्हटलं.